खिळे, पोस्टकार्ड आणि फोन

डुलूथला आम्ही खरं तर तळं बघायला गेलो होतो. तळं म्हणायचं, पण लेक सुपीरियरच्या काठावर उभं राहिलं की पलीकडचा काठ दिसत नाही. आपल्याकडचा माणूस त्याला समुद्रच म्हणेल. २०२२चा ऑक्टोबर होता. मिनेसोटा राज्यात, मिनिॲपोलिसला शिकायला येऊन मला जेमतेम दोन महिने झाले होते. चौघांनी मिळून गाडी भाड्याने घेतली, अडीच तास उत्तरेला गेलो, वाऱ्यात कुडकुडत फोटो काढले आणि गरम काहीतरी प्यायला गावात शिरलो.

एका चौकात कोपऱ्यावर भिंत दिसली. भिंतीतून तीन तरुण बाहेर आल्यासारखे उभे. ब्राँझचे, खऱ्या माणसाच्या उंचीचे. खाली नावं होती : इलायस क्लेटन, एल्मर जॅक्सन, आयझॅक मॅगी. मला वाटलं, कुठल्यातरी युद्धात गेलेले सैनिक असतील. जवळ जाऊन वाचलं तेव्हा कळलं की हे सर्कशीतले मजूर होते, आणि ते मेले ते याच चौकात.

जून १९२०मध्ये एक सर्कस एका दिवसासाठी डुलूथला आली होती. सर्कशीतल्या काळ्या मजुरांनी एका गोऱ्या तरुणीवर बलात्कार केला, असा आरोप झाला. तिला तपासणाऱ्या डॉक्टरला तसं काही आढळलं नाही. पण १५ जूनच्या संध्याकाळपर्यंत अफवा गावभर झाली होती. हजारोंचा जमाव तुरुंगावर चालून गेला. पोलिसांना बंदुका न वापरण्याचा हुकूम होता. जमावाने तिघांना बाहेर ओढलं, खटल्याचं नाटक केलं आणि चौकातल्या दिव्याच्या खांबाला फाशी दिलं. खुनासाठी कुणालाही शिक्षा झाली नाही. दंगलीसाठी तिघांना झाली, तीही दीड वर्षाच्या आत संपली.

त्या रात्रीचा एक फोटो आहे. परतल्यावर मी तो फोनवर शोधला. मृतदेहांभोवती माणसं दाटीवाटीने उभी आहेत. मागच्या रांगेतल्यांनी माना उंचावल्या आहेत, आपण फोटोत यावं म्हणून. त्या फोटोचं पुढे पोस्टकार्ड झालं आणि ते विकलं गेलं.

त्या रात्री मला झोप आली नाही. फोटो भयंकर होता, पण तेवढंच कारण नव्हतं. त्याच राज्यात, त्याला शंभर वर्षं पूर्ण व्हायला तीन आठवडे कमी असताना, एका मुलीने फोनवर आणखी एका काळ्या माणसाचा मृत्यू टिपला होता. तो व्हिडिओ तुम्ही आम्ही सगळ्यांनी पाहिलाय. एक पोस्टकार्ड झालं, एक पुरावा झाला. कॅमेरा तर दोन्हीकडे होता. मग बदललं काय?

या प्रश्नामागे माझं स्वतःचंही एक ओझं होतं. ते पुढे सांगते. आधी मिनेसोटाची गोष्ट.

बोटीतून आलेला छापखाना

आमचे आजोबा तालुक्याच्या गावी एका छापखान्यात खिळे जुळवायचे. खिळे म्हणजे शिशाची उलटी अक्षरं. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, निवडणुकीची पत्रकं आणि दर शनिवारी एक साप्ताहिक. लहानपणी मी विचारायचे, 'आजोबा, पेपरात सगळं खरं असतं का?' ते म्हणायचे, 'खरंखोटं मला माहीत नाही. पण ज्याच्याकडे खिळे, त्याचं म्हणणं छापून येतं, एवढं नक्की.' मिनेसोटाचा इतिहास वाचताना हे वाक्य मला पानोपानी आठवलं.

मिनेसोटा राज्य झालं १८५८मध्ये. त्याआधी तो नुसता 'प्रदेश' होता, मार्च १८४९मध्ये आखलेला. आखणी होऊन दोन महिनेही झाले नव्हते, तेवढ्यात जेम्स गुडह्यू नावाचा वकील विस्कॉन्सिनमधून छापखाना घेऊन मिसिसिपी नदीने बोटीतून सेंट पॉलला उतरला. २८ एप्रिल १८४९ ही 'मिनेसोटा पायोनियर'च्या पहिल्या अंकाची तारीख. नीट रस्ते व्हायच्या आधी गावात वर्तमानपत्र होतं.

गुडह्यूला दोन कामं करायची होती. एक, पूर्वेकडच्या लोकांना इकडे यायला लावणं. इथली जमीन किती सुपीक, हवा किती छान, हे तो अंकामागून अंक लिहायचा. (मी तिथे दोन हिवाळे काढलेत, हवेबद्दल मी काही बोलत नाही.) दुसरं काम, ज्यांच्यावर राग असेल त्यांना झोडपणं. १८५१च्या जानेवारीत त्याने एका न्यायाधीशाला असं काही झोडपलं की न्यायाधीशाचा भाऊ भर रस्त्यात त्याला आडवा आला. सुरा निघाला, पिस्तूल निघालं, दोघंही जखमी झाले. पुढच्या वर्षी गुडह्यू गेला, पण पत्र टिकलं. सेंट पॉलचं आजचं 'पायोनियर प्रेस' हे त्याचंच वंशज.

या सुपीक जमिनीच्या जाहिरातीत एक गोष्ट नव्हती. ती जमीन कुणाची होती? 'मिनेसोटा' हा शब्दच डकोटा लोकांच्या भाषेतला आहे.

नदीत फेकलेले खिळे

सेंट पॉलच्या वरच्या अंगाला, त्याच नदीवर सेंट क्लाउड हे गाव आहे. १८५७मध्ये तिथे जेन ग्रे स्विसहेल्म आली. वय एक्केचाळीस, नवऱ्याला सोडलेलं, सोबत लहान मुलगी. पिट्सबर्गमध्ये तिने गुलामगिरीविरोधी पत्र चालवलेलं होतं. इथेही तिने पत्र हाती घेतलं : 'सेंट क्लाउड व्हिजिटर'.

गावावर सिल्व्हेनस लोरी या पुढाऱ्याचा वचक होता. कायद्याने मिनेसोटात गुलामगिरी नव्हती, पण दक्षिणेतून आलेले पैसेवाले गुलाम सोबत आणत आणि कुणी काही बोलत नसे. लोरी त्यांच्यातलाच. स्विसहेल्म त्याच्याविरुद्ध लिहू लागली. २४ मार्च १८५८च्या रात्री लोरीच्या गोटातली माणसं तिच्या छापखान्यात घुसली. यंत्र मोडलं, काही खिळे रस्त्यावर उधळले, काही मिसिसिपीत फेकले.

हे वाचताना मी आजोबांच्या बाजूने विचार करत होते. खिळ्यांचा एक खण जरी सांडला तरी निवडायला दिवस जायचे, असं ते सांगत. इथे तर नदी.

पुढची गोष्ट मला फार आवडते. गावकऱ्यांनी सभा घेतली, पैसे जमवले, नवीन यंत्र आणलं. मग समोरच्यांनी दहा हजार डॉलरच्या अब्रुनुकसानीच्या दाव्याची धमकी दिली. ज्यांनी पैसे घातले ते बुडतील म्हणून स्विसहेल्मने लिहून दिलं : या प्रकरणाबद्दल 'व्हिजिटर' यापुढे एक शब्द छापणार नाही. तिने शब्द पाळला. 'व्हिजिटर' बंद केलं आणि लगेच 'सेंट क्लाउड डेमोक्रॅट' नावाचं नवीन पत्र काढलं. त्या नावाने तिने काहीच लिहून दिलेलं नव्हतं.

इथेच थांबले असते तर मला एक छान नायिका मिळाली असती. पण चारच वर्षांनी १८६२ येतं.

डकोटा लोकांकडून करारांनी जमीन घेतली होती आणि बदल्यात दरवर्षी पैसे द्यायचे ठरले होते. १८६२च्या उन्हाळ्यात पैसे वेळेवर आले नाहीत. आदल्या वर्षीचं पीक बुडालेलं, व्यापारी उधारीवर धान्य देईनात. ऑगस्टमध्ये उपासमारीतून युद्ध पेटलं. सहा आठवड्यांत शेकडो गोरे वसाहतवाले मारले गेले. मग खटले झाले, काही तर पाच मिनिटांचेसुद्धा नव्हते. ३०३ जणांना फाशी सुनावली. राष्ट्राध्यक्ष लिंकननी कागद मागवून घेतले आणि बहुतेकांची फाशी थांबवली. तरी २६ डिसेंबर १८६२ला मँकेटो गावात ३८ डकोटा पुरुषांना एकाच चौथऱ्यावर, एकाच वेळी फाशी दिलं. अमेरिकेच्या इतिहासात एका दिवशी इतक्या माणसांना फाशी पुन्हा झालेली नाही. पुढच्या वर्षी डकोटांना राज्याबाहेर हाकललं.

या काळात मिनेसोटातल्या पत्रांनी काय केलं? सुडाची मागणी. आणि सगळ्यांत मोठा आवाज करणाऱ्यांत जेन ग्रे स्विसहेल्म होती. गुलामांच्या मुक्तीसाठी जिने आपले खिळे नदीत जाऊ दिले, तीच डकोटांचा समूळ नाश करा असं लिहीत होती. एवढ्यावर न थांबता ती वॉशिंग्टनला गेली, लिंकन फार मवाळ वागतायत असं सांगत व्याख्यानं देत फिरली.

हे वाचून मी लॅपटॉप मिटला. चांगल्या माणसाच्या हातात खिळे आले की चांगलंच छापून येतं, असा माझा समज होता. इथे एकाच बाईच्या हातून दोन्ही छापून आलं होतं. तिने लिहिलं त्याला उत्तर द्यायला मिनेसोटात एकही डकोटा पत्र नव्हतं.

एका अंकाचं वर्तमानपत्र

डकोटांसारखाच ओजिब्वे हाही इथला मूळ समाज. राज्याच्या वायव्येला 'व्हाइट अर्थ' हा त्यांचा राखीव प्रदेश आहे. २५ मार्च १८८६ला तिथून एक पत्र निघालं, 'द प्रोग्रेस'. संपादक थिओडोर बोल्यू, प्रकाशक गस बोल्यू. दोघं तिथलेच, त्याच समाजातले. राखीव प्रदेशातल्या लोकांचे प्रश्न, सरकारी कारभारावर टीका, हे सगळं पहिल्याच अंकात होतं.

दुसरा अंक निघाला ८ ऑक्टोबर १८८७ला. मधल्या दीड वर्षात काय झालं? राखीव प्रदेशावर सरकारने नेमलेला एजंट असायचा. त्याने कळवलं की माझ्या परवानगीशिवाय पत्र काढताच येत नाही. छापखाना ताब्यात घेतला, दोघा संपादकांना प्रदेश सोडून जायला फर्मावलं. प्रकरण वॉशिंग्टनपर्यंत गेलं, साक्षी झाल्या, तेव्हा कुठे छापखाना परत सुरू झाला.

गुडह्यूला परवानगी लागली नव्हती. स्विसहेल्मचा छापखाना गुंडांनी मोडला, पण सरकारने तिला 'आधी विचार' असं म्हटलं नव्हतं. बोल्यूंना मात्र छापण्याआधी विचारायला हवं होतं. कायद्याच्या भाषेत याला प्रकाशनपूर्व निर्बंध म्हणतात. लिहिलेलं खोटं निघालं तर खटला भरा, ही एक गोष्ट. लिहूच देणार नाही, ही वेगळी. या फरकावर अमेरिकेतला सगळ्यांत मोठा निकाल पुढे मिनेसोटातूनच आला. आणि तो मिळवला एका अत्यंत वाईट संपादकाने.

जो कुणालाच आवडत नव्हता

पुन्हा डुलूथ. १९२०च्या दशकात तिथे 'रिप-सॉ' नावाचं पत्र निघायचं. पुढाऱ्यांची लफडी, दारूचे अड्डे, असला मजकूर. दुखावलेल्या पुढाऱ्यांनी राजधानीत १९२५चा 'सार्वजनिक उपद्रव कायदा' मंजूर करून घेतला. एखादं पत्र द्वेषमूलक, बदनामीकारक आहे असं न्यायाधीशाला वाटलं, की ज्यूरीशिवाय ते कायमचं बंद. छापलेलं खरं होतं एवढं सांगून सुटका नाही. हेतूही चांगला होता हे सिद्ध करायचं. 'रिप-सॉ'चा संपादक पुढच्याच वर्षी वारला. कायदा मात्र राहिला, नवीन गिऱ्हाइकाची वाट बघत.

ते गिऱ्हाईक म्हणजे जे निअर. १९२७च्या सप्टेंबरात त्याने हॉवर्ड गिल्फर्डबरोबर मिनिॲपोलिसमध्ये 'सॅटर्डे प्रेस' काढलं. पत्र निघायच्या सुमारासच गुंडांनी गिल्फर्डवर गोळ्या झाडल्या. तो वाचला. निअर लिहीत राहिला : शहराचे पोलिस गुंडांना सामील आहेत, जुगाराचे अड्डे त्यांच्याच आशीर्वादाने चालतात. यातलं बरंच खरं होतं. पण निअर ज्यूंचा द्वेष करायचा, आणि तो द्वेष पानापानांवर ओकायचा. आज फोनवर तसला मजकूर दिसला तर आपण लगेच रिपोर्ट करू.

तरी त्याच्या पत्रातली एक बातमी सांगायलाच हवी. सॅम शापिरो नावाचा ज्यू गृहस्थ कपडे धुण्याचं दुकान चालवत होता. गुंडांच्या टोळीने त्याला धमकावलं, तो बधेना, तेव्हा दुकानात शिरून गिऱ्हाइकांच्या कपड्यांवर ॲसिड टाकलं. शहरातल्या मोठ्या, सभ्य पत्रांनी हात राखला. बातमी लावून धरली ती ज्यूद्वेष्ट्या निअरने. त्या शापिरोंचा लहान मुलगा अर्व्हिंग पुढे ड्यूपाँट या बलाढ्य कंपनीचा अध्यक्ष झाला.

नऊ अंक निघाले. नोव्हेंबर १९२७मध्ये सरकारी वकील फ्लॉइड ओल्सन कोर्टात गेले आणि 'सॅटर्डे प्रेस' बंद झालं. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला : सरकार वेश्यागृहं बंद करतं, उपद्रवी तण उपटतं, तसंच हे. निअरजवळ पैसे नव्हते. शेवटी 'शिकागो ट्रिब्यून'चा मालक रॉबर्ट मॅकॉर्मिक पुढे आला. त्याला निअरचं प्रेम नव्हतं, पण हा कायदा उद्या आपल्याही दारात येईल हे त्याला दिसत होतं.

१ जून १९३१ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. पाच विरुद्ध चार. सरन्यायाधीश ह्यूज यांनी लिहिलेल्या निकालाचा अर्थ असा : युद्धात सैन्याच्या जहाजांच्या वेळा फोडण्यासारखे अगदी मोजके अपवाद सोडले, तर सरकार छापण्याआधी तोंड बंद करू शकत नाही. बदनामी झाली तर नंतर दावा लावा. विरोधात लिहिणारे न्यायमूर्ती पिअर्स बटलर स्वतः मिनेसोटाचे. चाळीस वर्षांनी, १९७१मध्ये, सरकारने 'न्यूयॉर्क टाइम्स'ला व्हिएतनाम युद्धाची गुप्त कागदपत्रं छापण्यापासून अडवू पाहिलं. ते हरलं, तेव्हा याच निकालाचा आधार होता.

निकालाने निअर श्रीमंत झाला नाही, आणि पत्रकार सुरक्षितही झाले नाहीत. १९३४मध्ये गिल्फर्डला गोळ्या घालून मारलं. पुढच्या वर्षी डिसेंबरात वॉल्टर लिगेट या संपादकाला मिनिॲपोलिसमध्ये बायको आणि लहान मुलीच्या डोळ्यांदेखत मारलं. १९३६मध्ये निअर वारला, जवळपास विसरलेल्या अवस्थेत. निकालाने एवढंच झालं की दार आधीच बंद करता येणार नाही. आत येणाऱ्याचं काय होईल, याची हमी निकाल देत नव्हता.

आपलं आपण

ते दार उघडं असल्याचा उपयोग कोण करतं, याचं मला सापडलेलं सगळ्यांत साधं उत्तर म्हणजे सेसिल न्यूमन. रेल्वेच्या झोपण्याच्या डब्यांत सेवक म्हणून काम करणारा काळा तरुण. ऑगस्ट १९३४मध्ये त्याने दोन पत्रं काढली : मिनिॲपोलिससाठी 'स्पोक्समन', सेंट पॉलसाठी 'रेकॉर्डर'. डुलूथची ती रात्र होऊन चौदा वर्षं झाली होती. बिअरचे कारखाने काळ्यांना बिअर विकतात पण नोकरी देत नाहीत, म्हणून त्याच्या पत्राने बहिष्काराची मोहीम चालवली. बाकीची पत्रं काळ्या माणसाचं नाव बहुधा गुन्ह्याच्या बातमीत छापायची. न्यूमनच्या पत्रात लग्नं असायची, पदव्या असायच्या, चर्चच्या सभा असायच्या. अंतिम संस्कारसुद्धा नावासकट. ते पत्र अजून निघतं, त्याच कुटुंबाकडून.

त्याच्या कचेरीपासून चालत काही मिनिटांवर एक चौक आहे. अडतिसावा रस्ता आणि शिकागो ॲव्हेन्यू.

२५ मे २०२०. योगायोग बघा, मिनिॲपोलिसच्या सगळ्यांत मोठ्या दैनिकाचा, 'स्टार ट्रिब्यून'चा, हा वाढदिवस. त्याच्या पूर्वजाचा पहिला अंक २५ मे १८६७चा. त्या संध्याकाळी सतरा वर्षांची डार्नेला फ्रेझर आपल्या नऊ वर्षांच्या नात्यातल्या बहिणीला घेऊन दुकानात निघाली होती. रस्त्यात एक पोलिस जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर गुडघा रोवून बसला होता. तिने बहिणीला दुकानात पाठवलं आणि फोन काढला. जवळपास दहा मिनिटं ती हात न हलवता उभी राहिली.

पोलिसांनी त्या रात्री पत्रक काढलं. मथळ्याचा अर्थ असा : पोलिसांशी संबंध आला असताना वैद्यकीय घटनेनंतर एका माणसाचा मृत्यू. गुडघ्याचा उल्लेख नाही. डार्नेलाने रात्रीच व्हिडिओ फेसबुकवर टाकला. पुढचं तुम्हाला माहीत आहे. गुडघा ९ मिनिटं २९ सेकंद होता हे नंतर कोर्टात मोजून दाखवलं गेलं. २० एप्रिल २०२१ला डेरेक शॉव्हिन खुनाबद्दल दोषी ठरला, साडेबावीस वर्षांची शिक्षा झाली. त्याच जूनमध्ये पुलित्झर मंडळाने डार्नेलाला खास सन्मान दिला.

आणखी एक गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. डुलूथच्या त्या १९२०च्या आरोपात मॅक्स मेसन नावाच्या सर्कशीतल्या आणखी एका काळ्या मजुराला बलात्कारासाठी तुरुंगवास झाला होता. १२ जून २०२०ला, फ्लॉइडच्या मृत्यूनंतर तीन आठवड्यांच्या आत, मिनेसोटाने त्याला मरणोत्तर माफी दिली. राज्याच्या इतिहासातली पहिली.

अकरा सेकंद

आता माझं ओझं. २०१७मध्ये मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या एसटी स्टँडबाहेर दोन गणवेशातली माणसं एका भेळवाल्याला मारत होती. मी रिक्षात बसले होते. फोन काढला. अकरा सेकंद रेकॉर्डिंग झालं आणि त्यांच्यातल्या एकाने माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. मी फोन मांडीवर पालथा ठेवला.

संध्याकाळी बाबांना दाखवलं. त्यांनी दोनदा पाहिलं आणि म्हणाले, 'पुसून टाक. तुला पासपोर्ट काढायचाय.' मी पुसला. 'डिलीटेड' फोल्डरमधूनही पुसला. तीन दिवसांनी गावच्या एका पेपरात चार ओळी आल्या : अतिक्रमण हटवताना धावपळीत पाय घसरून एक विक्रेता जखमी. मिनिॲपोलिस पोलिसांचं पत्रक वाचताना मला त्या चार ओळी अक्षर न् अक्षर आठवल्या.

मला तेव्हा कुठल्या कायद्याने अडवलं नव्हतं. कुठला एजंट छापखाना जप्त करायला आला नव्हता. निअरने ज्यासाठी भांडण केलं ते सगळं माझ्या बाजूला होतं आणि फोनही चार्ज होता.

डुलूथच्या फोटोत आणि डार्नेलाच्या व्हिडिओत काय बदललं, याचं माझ्यापुरतं उत्तर असं आहे. १९२०मध्ये कॅमेरा जमावाचा होता. फोटो काढणाऱ्याला कुणाची भीती नव्हती, कारण तो मारणाऱ्यांच्या बाजूला उभा होता. २०२०मध्ये कॅमेरा मरणाऱ्याच्या बाजूला होता. तिथे उभं राहायला भीती वाटते. डार्नेलाने कोर्टात सांगितलं की रात्री झोप येत नाही, आपण आणखी काही केलं नाही म्हणून ती जॉर्ज फ्लॉइडची माफी मागत राहते. ज्या मुलीने जगाला दाखवलं, तीही असं म्हणते.

आपल्या प्रत्येकाच्या खिशात आज गुडह्यूच्या बोटीपेक्षा मोठा छापखाना आहे. त्यातून पोस्टकार्डं निघतात आणि पुरावेही निघतात. रोज दोन्ही निघतात. आपण फॉरवर्ड करतो त्या मारहाणीच्या व्हिडिओंत कॅमेरा कुठल्या बाजूला उभा आहे, हे बघायची सवय मला या वाचनाने लावली. एवढंच.

मागच्या दिवाळीत घरी गेले होते. एसटी स्टँडबाहेर भेळवाला अजून आहे. हातगाडी नवीन आहे. त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. वरच्या डब्यातली शेव काढायला तो मुलाला हाक मारतो. मी भेळ घेतली. दोनदा बोलायला तोंड उघडलं. दोन्ही वेळा 'तिखट कमी' एवढंच म्हणाले.